दिल्लीच्या लोहस्तंभाचा गंज

'सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा, तरी गंजाचा ठिपका नाही!' कुतुबमिनाराजवळच्या लोहस्तंभाचा हा मेसेज वर्षातून दोनदा तरी घरच्या ग्रुपवर येतोच. त्यातली सोळाशे वर्षं खरी. ठिपक्याचं मात्र चुकलंय. स्तंभावर जी तपकिरी झाक दिसते, तो गंजच आहे. फक्त इतका पातळ, की त्याची जाडी मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढी भरते.

पूर्वी लोक स्तंभाला पाठ लावून उभे राहायचे आणि हात मागे नेऊन बोटं जुळतात का बघायचे. जुळली तर नशीब फळफळणार. या हौसेनं खालचा एक पट्टा घासून घासून चकचकीत झाला. अखेर १९९७ मध्ये भोवती कुंपण घातलं गेलं.

आपल्या खिडकीच्या ग्रिलचं काय होतं ते आठवा. दोन पावसाळ्यांत रंग फुगतो, नखानं टोकरलं की तांबूस पापुद्रा हातात येतो. हा गंज भुसभुशीत असतो. त्याच्या छिद्रांतून पाणी आणि हवा आत जाते, खालचं कोरं लोखंड गंजतं, पुन्हा पापुद्रा सुटतो. असं करत सळई आतून खाल्ली जाते.

स्तंभाच्या बाबतीत मधे आडवा आला तो फॉस्फरस. तो तिथे आला कसा, ही गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. आजच्या पोलाद कारखान्यात चुना घालून फॉस्फरस मळीत (म्हणजे धातूपासून वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ भागात) काढून टाकतात, कारण त्यामुळे लोखंड थंडीत ठिसूळ होतं. गुप्तकाळातल्या लोहारांच्या भट्टीत खनिज आणि लोणारी कोळसा असायचा, चुना नसायचा. त्यामुळे खनिजातला फॉस्फरस लोखंडातच राहिला, सुमारे पाव टक्का. आजच्या साध्या पोलादाच्या निदान पाचपट! लोखंड वितळण्याइतकी आचही त्या भट्टीत नसे. भाता मारून मारून हाती यायचा तो स्पंजासारखा गोळा. असे लालबुंद गोळे एकमेकांवर ठेवून घणानं ठोकत जोडायचे. एकेक गोळा तीस किलोचा धरला, तरी सहा टनांच्या आणि सात मीटरहून उंच स्तंभाला दोनशे गोळे लागले असणार. ठोकताना थोडी मळीही आत अडकून राहिली.

पुढचं कोडं कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडलं. सुरुवातीला स्तंभावरही नेहमीसारखाच गंज चढला. पण लोखंड गंजत गेलं तसा त्यातला फॉस्फरस गंज आणि धातू यांच्या सांध्यात साचत गेला. त्याच्यामुळे तिथे गंजाचाच एक घट्ट, बिनछिद्रांचा प्रकार तयार झाला. मिसावाइट त्याचं नाव. पुढे ओलाव्यात लोह फॉस्फेट बनलं आणि भिजणं-सुकणं, भिजणं-सुकणं असं शेकडो पावसाळे चालल्यावर त्याचे स्फटिक होऊन उरलीसुरली भोकं बुजली. बाहेरून येणारं पाणी आता लोखंडापर्यंत पोचेना.

दिल्लीच्या कोरड्या हवेनंही हातभार लावला, हे खरं. वर्षातले बरेच महिने तिथे दमटपणा कमीच असतो. शिवाय एवढं मोठं लोखंड दिवसभर तापलं की रात्री लवकर निवत नाही, त्यामुळे त्यावर दवही फारसं धरत नाही. पण सगळं श्रेय हवेला देता येत नाही. त्याच हवेत साध्या लोखंडाचं फाटक किती टिकतं, ते दिल्लीकरांना विचारा.

हवेची बाजू पटते ती स्तंभाच्या बुडाशी. चौथऱ्याखाली गाडलेला भाग सतत ओलसर मातीत. तिथे भिजणं आहे, सुकणं नाही. १९६१ मध्ये पुरातत्त्व खात्यानं तो उकरला, तेव्हा त्यावर गंजाचे जाड थर होते. ते साफ करून त्या भागाला शिशाचा पत्रा गुंडाळला आणि स्तंभ पुन्हा होता तिथे उभा केला.