‘आय थिंक’ की ‘आय अ‍ॅम थिंकिंग’? आधी मराठीत ‘मला’ येतं की ‘मी’ ते बघा

रेंज गेली की आपण फोनवर ओरडतो, ‘आय अ‍ॅम नॉट हिअरिंग यू!’ डोक्यात असतं ‘ऐकू येत नाहीये’, आणि त्या ‘नाहीये’पायी आयएनजी चिकटतं. इंग्रजीत तिथे ‘आय कान्ट हिअर यू’ हवं.

हिअर, नो, लाइक, बिलाँग ही स्टेटिव्ह क्रियापदं. त्यांत कुणी काही करत नसतं, नुसती स्थिती असते. म्हणून आयएनजी सहसा लागत नाही. पण याद्या पाठ करून भागत नाही, कारण तेच क्रियापद कधी स्थिती दाखवतं, कधी कृती.

‘आय थिंक ही इज राइट’ म्हणजे मला वाटतं, त्याचं बरोबर आहे. ‘आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट द जॉब’ म्हणजे मी त्या नोकरीचा विचार करतोय. ‘मला’ आलं तिथे साधा काळ, ‘मी’ आलं तिथे आयएनजी. हॅवचंही तेच. मला दोन भाऊ आहेत: ‘आय हॅव टू ब्रदर्स’. मी जेवतोय: ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलंत, तर भाऊ ताटात वाढल्यासारखे वाटतात!

स्वयंपाकघरात हा फरक आणखी स्वच्छ दिसतो. आमटी खारट लागते: ‘इट टेस्ट्स सॉल्टी’. आई पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखतेय: ‘शी इज टेस्टिंग इट’. लागणं आणि चाखणं, वास येणं आणि वास घेणं, अशी आपल्याकडे वेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजी टेस्ट आणि स्मेल या एकेका शब्दावर दोन्ही भागवते. पिशवी 5 किलो भरते आणि दुकानदार पिशवीचं वजन करतोय, इथेही इंग्रजीत ‘वे’ (weigh) हे एकच क्रियापद.

‘बी’ (be) हे क्रियापद तर मजेशीर. ‘ही इज रूड’ म्हणजे स्वभावच उद्धट. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी बरा असतो, आत्ता उद्धटपणा करतोय.

‘मला-मी’ची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘मी त्यांना ओळखतो’मध्ये ‘मी’ आहे, तरी ‘आय नो देम’च. उलट ‘मला बरं वाटत नाहीये’ला ‘आय डोन्ट फील वेल’ आणि ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल’ दोन्ही चालतात.

आणि मॅकडोनाल्ड्सचं ‘आय अ‍ॅम लव्हिंग इट’? 2003 पासून ते जाहिरातीत आहे, गप्पांतही खपतं. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘आय लव्ह इट’ लिहा.