समुद्री गोगलगायीची नवी प्रजाती नोंदवायचीय? कागद कुठे अडतो ते आधी वाचा

नाशिकला समुद्र नाही. तरी प्राणिशास्त्राची मुलं रत्नागिरीच्या खडकांवरून बाटली घेऊन येतात आणि विचारतात, "सर, नवी प्रजाती सापडलीय, फॉर्म कुठे भरायचा?"

फॉर्म नाही. नवी प्रजाती कोणतंही कार्यालय मंजूर करत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेप्रमाणे वर्णन प्रसिद्ध झालं की नाव लागू होतं. पदवीचीही अट नाही.

पहिली अडचण बाटलीतच असते. मागच्या खेपेची फॉर्मॅलिनने भरलेली, आत कापसाच्या वातीसारखं पांढरं काहीतरी. जिवंतपणी निळी होती म्हणे. फोटो एकच, तोही हललेला. रंग टिकत नाही, म्हणून जिवंतपणीच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, त्यासाठी एक तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. पण जिवंत प्राणी थेट अल्कोहोलात टाकला तर शिंगं, कल्ले आत ओढून त्याचा गोळा होतो. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल पडू द्या. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काही उचलायचं तर वन खात्याची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर नव्हे.

"गुगलवर सापडली नाही" हा पुरावा नाही. रॅड्युलावरचे (खरवडून खाण्याच्या जिभेसारख्या पट्टीवरचे) दात, जननेंद्रियं आणि डीएनए जवळच्या प्रजातींशी ताडून पाहावे लागतात. २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंच्या नावाने नोंदलेली मेलानोक्लॅमिस द्रौपदी ही समुद्री गोगलगाय जेमतेम ७ मिलिमीटरची. एवढ्याशा जिवाचं विच्छेदन करायला हात बसलेला लागतो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: होलोटाइप जमा केल्याची नोंद. होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं तो. १९९९ नंतरच्या नावांसाठी तो कोणता आणि कोणत्या संग्रहात, हे लेखात लिहिणं सक्तीचं आहे. शिवाय जैवविविधता कायदा, २००२ चं कलम ३९ सांगतं की नवी प्रजाती अधिकृत भांडाराला कळवा आणि नमुना तिथे जमा करा. झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण) आणि गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ही अशी भांडारं. झेडएसआयचं पश्चिम केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. कॉलेजच्या कपाटातली बरणी चालत नाही, मग तिच्यावर प्राचार्यांची सही का असेना. (त्या सहीसाठी तीन हेलपाटे घालणारे मी पाहिलेत. वाया.) नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत लेख पाठवू नका.

तारखेचा घोळही नेहमीचा. झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद केली म्हणजे नाव पक्कं झालं, असं नाही. तारीख धरली जाते ती प्रसिद्धीची. आणि लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँकच्या नोंदणीचा उल्लेख लेखातच हवा. तो राहिला की नाव गळलं.

नाव काय द्यायचं, यावर मात्र सगळ्यांचा उत्साह उतू जातो. रत्नागिरीच्या गोगलगायीला एकाला 'नाशिकेन्सिस', म्हणजे नाशिकची, ठेवायचं होतं. संहिता अडवत नाही. पण एकदा छापलं की विसंगत वाटतं म्हणून ते बदलूही देत नाही.