श्रमसंस्कार शिबिर (सातारा जिल्हा)

श्रमसंस्कार शिबिर : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एखाद्या खेड्यात सात दिवस मुक्काम करून केलेले श्रमदान, गावपाहणी आणि लोकशिक्षण. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कागदपत्रांत याला ‘विशेष शिबिर’ म्हणतात, निमंत्रणपत्रिकेवर ‘विशेष श्रमसंस्कार शिबिर’ छापतात आणि बोलताना सगळे ‘एनएसएसचा कॅम्प’ म्हणतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. त्याआधी वीसेक वर्षे ही कल्पना समित्यांच्या अहवालांतून फिरत होती. माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या समितीने तर विद्यार्थ्यांना राष्ट्रसेवा सक्तीचीच करावी असे सुचवले होते. सक्ती बारगळली आणि योजना ऐच्छिक राहिली, हे बरेच झाले. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि त्या काळात एक निवासी शिबिर पूर्ण करायचे, अशी तिची चौकट आहे. महाविद्यालयातल्या एका एककात (युनिटमध्ये) साधारण १०० स्वयंसेवक असतात. त्यांतले निम्मे शिबिराला जातात. सोबत कार्यक्रम अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतात. आठवडाभर शिधा, आजारपण, रुसवेफुगवे आणि पालकांचे फोन हे सगळे त्यांच्याच गळ्यात पडते.

सातारा जिल्ह्याला विद्यार्थ्यांच्या हातातले टिकाव-फावडे नवे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ची पद्धत रुजली. शिबिरांच्या उद्घाटनात हा वारसा हमखास सांगितला जातो, पण दोन्हींची गल्लत करू नये. कर्मवीरांचा विद्यार्थी स्वतःच्या शिक्षणासाठी घाम गाळत होता. शिबिरार्थी दुसऱ्याच्या गावासाठी गाळतो, आणि आठव्या दिवशी घरी जातो. शिबिराचे बरेवाईट या आठव्या दिवसावरच ठरते.

शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत, सत्र परीक्षा आटोपल्यावर होतात. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात. मुलींची सोय वेगळ्या खोल्यांत. शिबिरार्थींचे गट पाडून त्यांना गाडगेबाबा, सावित्रीबाई, कर्मवीर अशी नावे देतात आणि स्वयंपाक, पाणी, सफाई यांच्या पाळ्या लावतात. पहाटे उठणे, प्रार्थना, पोहे किंवा उप्पीट, मग दुपारपर्यंत श्रमदान. जेवणानंतर व्याख्यान, ज्याला सगळे ‘बौद्धिक’ म्हणतात आणि ज्यात निम्मे शिबिर डुलक्या घेते. संध्याकाळी घरोघर पाहणी, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. पहिल्या दोन दिवसांतला उत्साह तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले की ओसरतो. चौथ्या दिवसापासून पहार कशी धरायची ते मुलांना उमगते, आणि खरे काम तेथून पुढचेच.

श्रमदानात साताऱ्याकडे पाण्याची कामे अग्रभागी असतात. त्याचे कारण जिल्ह्याच्या रचनेत आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला माण-खटावचा पर्जन्यछायेतला टापू कसाबसा पाचशेच्या आसपास पोचतो. १९७२ चा दुष्काळ या भागाने भोगला. १९७३ मध्ये देशभरच्या विशेष शिबिरांना ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय देण्यात आला. विषय पुढे बदलत गेले, तरी माणमधल्या शिबिराचा खरा विषय आजही तोच असतो.

डोंगरउतारावरच्या सलग समतल चराचे काम पाहण्यासारखे असते. दोन उभ्या काठ्या वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा सांगाडा करतात. वरून दोरीला दगड टांगतात. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की सांगाड्याचे दोन्ही पाय एका पातळीवर आले. तेथे फक्कीची खूण करायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा दोरी बघायची. अशी समपातळीची रेषा उतारावर वळणे घेत जाते. तिच्यावर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खणून निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला लावायची. रेषा चुकली तर पाणी चरात थांबत नाही, एका टोकाला धावते आणि तेथून चर फोडते. म्हणून अनुभवी कार्यक्रम अधिकारी पहिला दिवस आखणीतच घालवतात. फोटोत आखणी दिसत नाही. त्यामुळे घाईच्या शिबिरांत नेमकी तीच उरकली जाते.

वनराई बंधाऱ्याची गोष्ट निराळी. सिमेंटची रिकामी पोती वाळूने किंवा मातीने पाऊणच भरायची, म्हणजे ती एकमेकांवर नीट बसतात. सुतळीने तोंड शिवायचे आणि विटांसारखे सांधे चुकवून थर रचायचे, फटीत माती ठासायची. पन्नास मुले ओढ्यावर असा बंधारा दोन-तीन दिवसांत उभा करतात. मात्र तो अडवणार वाहते पाणी. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात अडवायला हवे आणि शिबिर येते डिसेंबरच्या शेवटी. पाटण, जावळीच्या ओढ्यांना तेव्हाही धार असते. माणमध्ये बऱ्याच ठिकाणी ओढा आधीच आटलेला असतो, आणि बांधलेला बंधारा पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या पुरात वाहून जातो. परीक्षेचे वेळापत्रक आणि ओढ्याचे वेळापत्रक जुळत नाही, ही या उपक्रमातली जुनी अडचण. पूर्वेकडे चर आणि दगडी बांध, पश्चिमेकडे वनराई बंधारे अशी विभागणी केली तर ती बरीचशी सुटते.

नुसत्या घनमीटरांत मोजले तर शिबिराचे काम फारसे भरत नाही. जेसीबी ते एखाद्या दिवसात करून जाईल. २०१६ मध्ये गावांच्या जलसंधारणाच्या पहिल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि त्याच तालुक्यातले वेळू गाव पहिले आले. ती स्पर्धा ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस चालायची आणि राबायचे ते गावकरी स्वतः. शिबिराने फार तर अशा कामाची सुरुवात होते किंवा थबकलेल्या कामाला रेटा मिळतो. जेथे ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ सकाळी मुलांबरोबर खोरे घेऊन उतरतात, तेथे चर पुढच्या वर्षीही साफ केलेले दिसतात. जेथे गाव कट्ट्यावर बसून ‘पोरं चांगलं काम करत्यात’ म्हणते, तेथे ते गाळाने भरतात. एकच गाव सलग काही वर्षे दत्तक घेण्याची पद्धत यासाठीच आहे. दरवर्षी नवे गाव पकडणाऱ्या महाविद्यालयाचा अहवाल जाड होतो, एवढेच.

श्रमदानाबाहेरच्या कामांत गावाला सर्वांत उपयोगी वाटते ते जनावरांच्या तपासणीचे आणि लसीकरणाचे शिबिर. व्याख्यानाला न फिरकणारे म्हातारे त्या दिवशी म्हशी-शेरडे घेऊन सकाळीच हजर असतात. महिलांच्या हिमोग्लोबिन तपासणीलाही गर्दी होते, विशेषतः बोलवायला विद्यार्थिनी घरोघर गेल्या असतील तर. शोषखड्डे, शाळेची रंगरंगोटी, वृक्षारोपण ही कामे सर्वत्र होतात. डिसेंबरात लावलेली रोपे उन्हाळ्यात कोण जगवणार, हे मात्र रोपे लावण्याआधीच विचारायला हवे. अजिंक्यतारा, सज्जनगड अशा गडांवर एक दिवस प्लॅस्टिक वेचायलाही शिबिरे जातात.

जेवणाचा शिधा अनुदानातून येतो आणि ते तुटपुंजे असते. गावाच्या भाकरीने ते भागते. घरटी पाच-सहा भाकरी मागितल्या की संध्याकाळपर्यंत ज्वारी-बाजरीच्या भाकरींची चवड लागते, आणि पिठल्याबरोबर ठेचा कोणीतरी आपणहून धाडते. शहरातल्या मुलांची गावाशी पहिली खरी ओळख बौद्धिकात होत नाही. ‘आत या, च्या घ्या’ म्हणणाऱ्या ओसरीवर होते.

कृष्णेच्या पुरांनी या सेवेला वेगळे वळण दिले. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली आणि खालच्या गावांत पाणी शिरले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावरच्या सफाईला ठरलेले वेळापत्रक, पत्रिका, उद्घाटन यांतले काहीच नसते. घरातला चिखल उपसायचा, भिजलेले धान्य आणि गाद्या बाहेर काढायच्या, भांडी धुवायची. अशा वेळी आठ दिवस मुक्कामाला येणारा मोठा जथा यजमानांना जड होतो, कारण पूरग्रस्त गावात पिण्याच्या पाण्याचीच वानवा असते. स्वतःचे पाणी, डबा, गमबूट आणि हातमोजे घेऊन सकाळी येणारे आणि संध्याकाळी परतणारे जवळच्या महाविद्यालयांतले गट तेथे जास्त कामाचे.

योजना पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी आराखड्यात राष्ट्रीय सेवा योजनेला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकही (क्रेडिट) आहेत. त्यामुळे नोंदणी वाढेल. पण ऐच्छिकपणा, जो देशमुख समितीची सूचना बाजूला ठेवून राखला गेला होता, तो श्रेयांकांच्या हिशेबात पातळ होण्याची शक्यता आहे. कार्यक्रम अधिकारी हल्ली शिबिराची यादी करताना श्रेयांकाचा विषय शेवटी काढतात आणि आधी विचारतात, पहार उचलणार का आणि संडास धुण्याची पाळी घेणार का.