हरभऱ्याएवढी गाठ आणि सहा दुपटी

"गाठ हाय, पण दुखत न्हाई." छातीतली गाठ दाखवायला आलेली बाई हे बहुधा आधीच सांगून टाकते, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडा दिलासाही असतो. दुखतं तो आजार, हा आपल्या अंगात मुरलेला हिशेब. काटा रुतला की ठणकतो, दाढ किडली की रात्र जागवते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. मग ती आधी खुरपणीनंतर, मग दिवाळीनंतर, मग पोरीच्या लग्नानंतर दाखवायची ठरते.

तोवर आत काय चाललेलं असतं? बिघडलेल्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. अशा 30 दुपटी झाल्या की आकडा 100 कोटींच्या पुढं जातो आणि गाठ सेंटिमीटरभर, म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढी होते. दुपटीला लागणारे दिवस प्रत्येक गाठीत वेगळे, कुठं काही आठवडे, कुठं अनेक महिने. तरी बोटाला लागते तेव्हा ती बहुधा काही वर्षांची जुनी असते. खरी मेख पुढं आहे. त्या हरभऱ्याचं लिंबू व्हायला आणखी 30 नव्हे, फक्त 6 दुपटी लागतात. याच टप्प्यात पेशी काखेतल्या ग्रंथींत आणि तिथून हाडं, फुप्फुसं, यकृतापर्यंत पोचण्याचा धोका वाढत जातो.

देशातल्या 11 कर्करोग नोंदणी केंद्रांनी 2012 ते 2015 या काळात निदान झालेल्या बायकांचा माग काढला. रोग स्तनापुरताच असताना सापडलेल्यांपैकी सुमारे 81 टक्के 5 वर्षांनंतर हयात होत्या. आजूबाजूला पसरल्यावर सापडलेल्यांमध्ये हे प्रमाण 65 टक्क्यांवर आलं, आणि दूरच्या अवयवांत पोचल्यावर थेट 18 टक्क्यांवर.

या आकड्यांवर विसंबून "लवकर तपासा, जीव वाचेल" असं लिहून मोकळं होता येतं. पण त्यात एक फसगत आहे. समजा, दोन बायकांना अगदी सारखीच गाठ आहे आणि दोघींचाही मृत्यू 2030 मध्ये होणार आहे. एकीला 2022 मध्ये कळलं, दुसरीला 2026 मध्ये. पहिली निदानानंतर 8 वर्षं जगली, दुसरी 4. कागदावर पहिली '5 वर्षं जगलेल्यां'त जमा झाली, पण तिचं आयुष्य एका दिवसानंही वाढलं नाही. म्हणून तपासणीचा उपयोग होतो की नाही हे ठरवताना शास्त्रज्ञ जगलेली वर्षं मोजत नाहीत. ज्या गावांत तपासणी झाली आणि जिथं झाली नाही, तिथले मृत्यू मोजतात.

असा जगभर गाजलेला एक प्रयोग आपल्या धाराशिव जिल्ह्यात झाला, हे कितीजणांना ठाऊक आहे? तेव्हाच्या उस्मानाबादच्या गावांत 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. रोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. हा रोग ज्याच्यामुळं होतो त्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच चाचणी केलेल्या गटात 8 वर्षांत त्या रोगाचे 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. (तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.)

स्तनाच्या बाबतीत उत्तर इतकं सरळ आलं नाही. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायकांवर 20 वर्षं चाललेल्या प्रयोगात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले. रोग कमी पुढारलेल्या अवस्थेत सापडू लागला. पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र घटले नाहीत. म्हणून 35 वर्षांच्या बाईला मी "दर दोन वर्षांनी तपासून घे, मग भीती नाही" असं सांगणार नाही. "बदल जाणवला तर त्याच आठवड्यात दाखव," असं मात्र नक्की सांगेन. मॅमोग्राफीचंही काहीसं तसंच. तरुण स्तन दाट असतात, एक्स-रेत ते पांढरे दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळं ती लपून जाते. तिथं सोनोग्राफी कामाला येते.

बदल म्हणजे नेमकं काय? नवी गाठ, स्तनात किंवा काखेत. आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त, त्वचेला पडलेली खळी. आणि जालन्याची मोसंबी हातात घेऊन पाहा: तशी बारीक छिद्रांची, जाडसर साल स्तनावर दिसू लागली तर थांबायचं नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते बोटांना कळत नाही. सुईनं तुकडा काढून तपासावं लागतं. 'सुई लावली की पसरतो' ही समजूत गावोगाव आहे, तिला आधार नाही. ती समजूत मात्र बाईचे महिनोन् महिने खाते.

भीतीचं दुसरं टोकही मराठवाड्यानं पाहिलं आहे. 'पिशवीचा कॅन्सर होईल' असं सांगून ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी बीड जिल्ह्यात इतक्या झाल्या, की 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्यांना या शब्दानं एकदा असं फसवलं, त्यांनी पुढच्या तपासणीवर विश्वास का ठेवावा?

सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या बाईची स्तनतपासणी दर 5 वर्षांनी, गावपातळीपासून, मोफत आहे. उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतात. अडतं ते वेळापत्रकावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन फडावर जातात. त्यानंतर भरलेल्या शिबिरात बाईचं नाव यादीत असतं, बाई नसते. निघताना तुकडा काढून घेतला असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत ती दोनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असते. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ती परतते. पाडव्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंतचे दोन-अडीच महिने ती घरी असते.