उमाबाई आणि जमनाबाई एकच कशा ठरल्या?

उमाबाईंच्या पोटी जन्मलेला कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि सयाजीराव झाला, ही हकिगत वडोदऱ्यातील मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. ऑन्टॉलॉजीची, म्हणजे संगणकासाठी ज्ञानाच्या काटेकोर मांडणीची, रचना शिकणाऱ्या येथील एका विद्यार्थ्याने सरावासाठी हीच वंशावळ घेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या ‘प्रोटेजे’ या मोफत प्रणालीत त्याने ‘सयाजीरावांची आई उमाबाई’ आणि ‘सयाजीरावांची आई जमनाबाई’ अशा दोन नोंदी केल्या. एका व्यक्तीला जास्तीत जास्त एकच आई असते, हा नियम त्याने आधीच घातला होता. त्यामुळे यंत्र चूक दाखवील अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात, उमाबाई आणि जमनाबाई ही एकाच स्त्रीची दोन नावे आहेत, असा निष्कर्ष यंत्राने शांतपणे काढला. प्रणाली बिघडली आहे, असे म्हणत तो माझ्याकडे आला.

प्रणाली बिघडलेली नव्हती. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पना, त्यांच्या व्याख्या आणि परस्परसंबंध तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत लिहून काढणे. ‘आउल’ ही त्यासाठीची भाषा २००४ मध्ये वेबच्या जागतिक प्रमाणसंस्थेने मान्य केली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. या भाषेत लिहिलेले वाचून निष्कर्ष काढणाऱ्या प्रणालीला ‘रीझनर’ म्हणतात. रेल्वेच्या आरक्षणयादीत ज्याचे नाव नाही, त्याचे आरक्षण नाही, असे आपण धरतो. रीझनर मात्र जे लिहिलेले नाही ते खोटे न मानता केवळ अज्ञात मानतो. तसेच नावे दोन म्हणून माणसे दोन, असेही तो गृहीत धरत नाही. लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची रीत ज्या समाजात आहे, त्याला तरी हे विचित्र वाटू नये. विद्यार्थ्याने लिहिलेला नियम दारावरचा पहारेकरी नव्हता, तर निष्कर्ष काढण्याचा परवाना होता. नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत होते ती येथेच.

हे निष्कर्ष निघतात कसे, हा माझ्या विशेष आवडीचा भाग आहे. समजा, आपण दोनच व्याख्या लिहिल्या: ‘लेकुरवाळी’ म्हणजे जिला किमान एक अपत्य आहे अशी स्त्री, आणि ‘आजी’ म्हणजे जिच्या एखाद्या अपत्याला अपत्य आहे अशी स्त्री. प्रत्येक आजी लेकुरवाळी असते, असे आपण कोठेही लिहिलेले नाही. ते सिद्ध करण्यासाठी ‘टॅब्लो’ पद्धत वापरणारा रीझनर उलट बाजूने सुरुवात करतो आणि आजी असूनही लेकुरवाळी नसलेली एक व्यक्ती कल्पून तिला ‘क’ म्हणतो. क आजी आहे, म्हणून ती स्त्री आहे, तिला ‘ख’ हे अपत्य आहे आणि ख ला ‘ग’ हे अपत्य आहे. क लेकुरवाळी नाही, याचा अर्थ एक तर ती स्त्री नाही किंवा तिला अपत्यच नाही. म्हणून येथे वाट दुभंगते. पहिल्या फाट्यावर ‘स्त्री आहे’ आणि ‘स्त्री नाही’ यांची टक्कर होते, तर दुसऱ्यावर ‘अपत्य नाही’ हे विधान ख वर आदळते. दोन्ही वाटा बंद झाल्या, म्हणजे अशी व्यक्ती कोणत्याही जगात असूच शकत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक आजी लेकुरवाळी असते. भूमितीत शिकलेली अप्रत्यक्ष सिद्धताच ही, फक्त येथे ती यंत्र लिहिते.

अडचण येते ती ‘प्रत्येक व्यक्तीला आई असते आणि तीही व्यक्तीच असते’ अशा विधानाने. रीझनर आई कल्पितो, मग तिची आई, मग तिचीही, आणि ही साखळी संपत नाही. त्यावर उपाय असा की, नव्या व्यक्तीबद्दलची सर्व विधाने साखळीत तिच्या आधी आलेल्या एखाद्या व्यक्तीबद्दल आधीच लिहिलेली असतील, तर त्या ठिकाणी विस्तार थांबवायचा. तरीही फाटे वाढत जातात आणि पूर्ण आउलमध्ये सर्वांत वाईट प्रसंगी लागणारा वेळ कल्पनेपलीकडे जातो. म्हणूनच ‘स्नोमेड सीटी’ ही तीन लाखांहून अधिक संकल्पनांची वैद्यकीय परिभाषा नकार आणि ‘किंवा’ वगळलेल्या सौम्य तर्कावर उभी आहे. तेथे फाटेच फुटत नाहीत.

‘नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली’ हा संदेश आमच्या दांडिया बाजारातही दर काही महिन्यांनी फिरतो. त्याचे मूळ नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांचे वाक्यविश्लेषण आणि ज्ञान मांडण्याची संगणकीय जाळी यांतील साम्य त्यांनी दाखवले होते. ते साम्य खरोखर अभ्यासण्याजोगे आहे, पण नासाने असा कोणताही निवाडा दिलेला नाही. आपल्या वैयाकरणांचे श्रेष्ठत्व ज्यांना खरोखर मान्य आहे, त्यांनी संदेश पुढे ढकलण्याऐवजी संस्कृत व्याकरणातील कारकप्रकरण उघडावे.

विद्यार्थ्याकडे परत येऊ. उमाबाई आणि जमनाबाई भिन्न आहेत, असे त्याने स्पष्ट लिहिले, तेव्हा सगळी रचनाच विसंगत ठरली. आणि विसंगत विधानांतून तर्कशास्त्राप्रमाणे काहीही सिद्ध होते, अगदी मांडवीचा दरवाजा हा हत्ती आहे, हेसुद्धा. मग त्याने ‘आई’ या संबंधाचे ‘जन्मदात्री’ आणि ‘दत्तक आई’ असे दोन उपसंबंध केले आणि ‘जास्तीत जास्त एक’ हा नियम केवळ जन्मदात्रीला लावला. विसंगती गेली. त्यानंतर गोपाळरावाची स्वतंत्र नोंद करून, त्याचीही जन्मदात्री उमाबाई असे लिहून, गोपाळराव आणि सयाजीराव एकच आहेत का, असे त्याने विचारले. एका आईला अनेक मुले असू शकतात, त्यामुळे रीझनर होयही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ती ओळ त्याला स्वतःच लिहावी लागली.