अराज्यवादी साम्यवादी संघटन : नागपूरच्या संदर्भात

राज्यसंस्था आणि भांडवलदारी मालकी दोन्ही एकाच वेळी मोडीत काढून जमीन, कारखाने, घरे कष्टकऱ्यांच्या सामाईक ताब्यात आणू पाहणारा विचार म्हणजे अराज्यवादी साम्यवाद. या विचाराचे लोक गट कसे बांधतात, निर्णय कसे घेतात, पैसा कसा सांभाळतात आणि कुठे फसतात, एवढाच या नोंदीचा विषय. ‘अराजक माजले’ असे आपण गोंधळाला म्हणतो, म्हणून मराठीत ‘अराज्यवाद’ हा शब्द अधिक नेमका. व्यवस्था हवीच, फक्त ती खालून उभी राहावी, एवढे म्हणणे.

1876 साली पहिल्या इंटरनॅशनलच्या (कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) इटालियन शाखेने फ्लॉरेन्सजवळच्या परिषदेत ही भूमिका स्वीकारली. पुढे रशियन विचारवंत क्रोपोटकिनने तिला सैद्धांतिक बैठक दिली. संघटनेचा प्रश्न मात्र रशियन क्रांतीतल्या अराज्यवाद्यांच्या पराभवानंतर खरा धारदार झाला. त्या क्रांतीत लढलेले नेस्टर माख्नो, प्योत्र अर्शिनोव्ह आणि त्यांच्या पॅरिसमधील सोबत्यांनी 1926 मध्ये संघटनेचा मसुदा मांडला : विचारांची एकवाक्यता, डावपेचांची एकवाक्यता, सामूहिक जबाबदारी आणि संघीय रचना (स्वायत्त गटांचा संघ). इटालियन अराज्यवादी मालातेस्ताने त्यातल्या सामूहिक जबाबदारीवर आक्षेप घेतला. हा वाद आजही जिवंत आहे. भारतात एम. पी. टी. आचार्य (1887–1954) हे या विचाराचे सर्वांत ठळक नाव. 1920 मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेले आचार्य पुढे अराज्यवादी झाले आणि मुंबईत वारले. भगतसिंगांनीही 1928 मध्ये ‘किरती’ मासिकात अराज्यवादावर लेख लिहिले होते.

रचना दुहेरी असते. एक छोटा विचारगट, सात ते बारा जणांचा. दुसरी मोठी जनसंघटना : कामगारांची, भाडेकरूंची किंवा वस्तीची. तिच्यात कुणीही यावे, विचारसरणीची अट नाही. विचारगटाने जनसंघटना ताब्यात घ्यायची नसते, आत राहून आपले म्हणणे मांडायचे असते. बहुतेक गट इथेच चुकतात, कारण पहिल्या यशानंतर सूत्रे हातात ठेवण्याचा मोह होतो. गट पंधराच्या वर गेला की त्याचे दोन करावेत. मोठ्या बैठकीत तीन-चार जणच बोलतात आणि बाकीचे हळूहळू यायचे थांबतात.

नागपुरात सुरुवात करायला ठिय्यासारखी, म्हणजे मजूर अड्ड्यासारखी, दुसरी जागा नाही. सकाळी चौकात मिस्त्री, मजूर आणि रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) जमतात, ठेकेदार येऊन माणसे निवडून नेतो. पहिले दोन महिने फक्त ऐकायचे : कोण कोणत्या वस्तीतून येते, मिस्त्रीचा दर काय, रेजाला किती कमी मिळते, कोणता ठेकेदार मजुरी बुडवतो. हे वहीत टिपायचे, पण माणसांची नावे लिहायची नाहीत. मग छोटी आणि जिंकता येण्यासारखी मागणी घ्यायची. ठेकेदाराने एखाद्याची तीन दिवसांची मजुरी दाबली असेल, तर दहा जणांनी मिळून साइटवर जाऊन ती मागायची आणि पैसे मिळेपर्यंत त्याच्या कामावर कुणीच जायचे नाही. यालाच थेट कृती म्हणतात. ती फसते ती बहुधा शेजारच्या ठिय्यामुळे, कारण ठेकेदार सरळ तिथून माणसे उचलतो. म्हणून आदल्या संध्याकाळी तिकडे निरोप गेलाच पाहिजे. रेजांच्या दराचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवला, तर बाया पुन्हा येत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. फॉर्म भरून द्यायला हरकत नाही. पण गट त्यातच अडकला तर लोक त्याला दलाल समजू लागतात, त्यामुळे फॉर्म भरायला ठिय्यावरच्याच दोघा-तिघांना शिकवावे.

ठिय्यांची बैठक भरते तेव्हा प्रत्येक ठिय्याने पाठवलेला माणूस पुढारी नसतो, निरोप्या असतो. त्याच्या खिशात चिठ्ठी असते : कोणत्या मुद्द्यावर हो, कोणत्यावर नाही, कशावर परत विचारून यायचे. चिठ्ठीबाहेरच्या विषयावर तो शब्द देऊ शकत नाही. ठिय्याला वाटले तर त्याला त्याच आठवड्यात परत बोलावता येते. पाळी तीन महिन्यांची, आणि नवा माणूस जुन्यासोबत दोन बैठका बसून मगच एकटा जातो. हा दुसरा नियम टाळला की पाळी कागदावरच राहते, कारण फोन नंबर, ओळखी, अधिकाऱ्याशी बोलायची रीत हे सारे जुन्याच माणसाकडे असते. सत्ता तिथेच साठते.

निधीचे गणित आधी मांडावे. 40 जणांनी आठवड्याला 20 रुपये दिले तर वर्षाला 41,600 रुपये होतात. संपात सगळ्यांना रोज 300 रुपये द्यायचे ठरवले तर रोजचे 12,000 लागतात आणि पैसा साडेतीन दिवसही पुरत नाही. पण ज्यांच्या घरी चूलच पेटणार नाही अशा दहा घरांनाच दिला, तर जवळपास 14 दिवस निभतात. ही दहा घरे संपापूर्वी सर्वांसमोर ठरवावीत. संप सुरू झाल्यावर ठरवायला बसले की भांडणे होतात. भिसी चालवणाऱ्या बायकांना हा हिशेब उत्तम जमतो, म्हणून वही त्यांच्याकडे द्यावी. रोख एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि दर महिन्याला ठिय्यावर मोठ्याने वाचन.

जातीला बगल देऊन यातले काहीच उभे राहत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आणि ही बंदी सवर्ण कामगारच पाळत होते. युरोपातून आलेल्या मसुद्यांत याचे उत्तर नाही. ठिय्यावर पाणी कोण भरते, बैठक कुणाच्या वस्तीत होते, चिठ्ठी कोण लिहिते, हे पाहिले की गटातली जात दिसते.

नागपूरला कामगार चळवळीचा इतिहास मोठा आहे. एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे मजुरीच्या दरावरून संप झाला. आयटकचे (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे) 1929 चे अधिवेशन इथेच भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि व्हिटली कमिशनवरील (ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगार आयोगावरील) बहिष्कार व आंतरराष्ट्रीय संलग्नता या मुद्द्यांवरून ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. चिठ्ठी घेऊन आलेल्या निरोप्यांच्या सभेत असा प्रश्न आधी गिरणी-गिरणीतून फिरून यावा लागला असता. शहराची दुसरी सवय हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्याची : घोषणा, बॅरिकेड, निवेदन, परतीची गाडी. मोर्चाने माणसे जमतात, हे खरे. पण निवेदन देऊन परतलेल्यांना आपली ताकद अजमावायला मिळत नाही.

सत्ता आली तर काय करायचे, याचा कठीण धडा स्पेनचा आहे. बार्सिलोनात 1919 च्या ला कनाडिएन्से या वीज कंपनीतल्या संपाने 44 दिवसांत सरकारला टेकीला आणले आणि आठ तासांच्या दिवसाचा हुकूम निघाला. 1936 मध्ये त्याच शहराच्या ट्राम कामगारांनी स्वतः चालवल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सीएनटी या अराज्यवादी कामगार महासंघाचे चार जण सरकारात मंत्री झाले, आणि मे 1937 मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर कामगारांना सरकारी पोलिसांशी लढावे लागले.

जवळचे उदाहरण गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचे. ते स्वतःला अराज्यवादी म्हणवत नाहीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि अवघड विषय आधी अभ्यास गटात चघळला जातो. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सर्वसहमतीला वेळ लागतो, आणि ठिय्यावर तेवढा वेळ नसतो. म्हणून ठिय्यावर रोजच्या विषयांना साधे बहुमत, संप व निधीसाठी तीन-चतुर्थांश, आणि विरोधात मत दिलेल्याला संपात उतरण्याची सक्ती नाही, पण त्याने त्या ठेकेदाराकडे कामालाही जायचे नाही, एवढी तडजोड चालते.