खोलीवरचा एकटेपणा : थोडी पार्श्वभूमी

दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं खानापूर तालुक्यातलं पोर बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला येतं तेव्हा एकाच दिवसात तीन भाषा बदलतं. सायन्सचा वर्ग इंग्रजीत, सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि रात्री आईचा फोन मराठीत. वर्ग गच्च भरलेला असतो, तरी पोर एकटं पडतं. हे असं का होतं, याचा शोध बराच जुना आहे.

१९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. जिवाभावाचं एकही माणूस नसणं वेगळं आणि गोतावळा नसणं वेगळं. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एकटेपणा मोजायची २० विधानांची मोजपट्टी तयार झाली. तिच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या लेटिशिया पेप्लॉ यांनी पुढे डॅनियल पर्लमन यांच्यासोबत नेमकं दुखणं मांडलं. हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांच्यात जेवढी तफावत, तेवढा एकटेपणा. म्हणजे नुसती माणसं मोजून भागत नाही.

दुसरा धागा गरजांचा. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना पैसे दिले, मग पैसे थांबवले. त्यांची कोड्यांतली गोडी ओसरली. पुढे रिचर्ड रायन यांच्यासह त्यांनी मनाच्या तीन गरजा मांडल्या : आपला निर्णय आपण घेणं, काहीतरी नीट जमणं आणि आपलं कुणीतरी असणं. १९९३ मध्ये टिम कॅसर आणि रायन यांना दिसलं की पैशाला सगळ्यात वरचं स्थान देणाऱ्या तरुणांचं मन कमी स्वस्थ असतं. माणसं जोडणं आणि समाजाच्या उपयोगी पडणं ही ध्येयं असणाऱ्यांचं तसं नव्हतं.

आमच्याकडे ध्येय बहुतेक वेळा घरातून ठरून येतं. बेळगाव कर्नाटकाकडे देणारी १९५६ ची राज्यपुनर्रचना, ते तिकडेच ठेवा म्हणणारा १९६७ चा महाजन अहवाल, सीमाभागासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळं ऐकत वाढलेल्या बापाला वाटतं, पोरानं इंग्रजी शिकून इथून सुटावं. त्यांची काळजी खरी आहे. पण त्या ध्येयात पोराचं स्वतःचं किती, हे कुणी विचारत नाही. एक नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, सीमाप्रश्नावर भाषणं होतात, खोलीवरच्या पोराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी स्वतः पीयूसीला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी 'फ्रिक्शन' म्हणजे काय, असं विचारलं. घर्षण मला पाठ होतं. फ्रिक्शन म्हणजे तेच, हे माहीत नव्हतं, म्हणून मान खाली घालून बसलो. न जमण्याची लाज वाटली की माणूस शेजाऱ्याशीही बोलत नाही. मी दोन महिने बोललो नाही. मग एका रात्री खोलीतल्या निपाणीच्या पोरानं ट्रंकेतून दहावीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्याचंही तेच झालं होतं. आम्ही एकेका शब्दापुढे पेन्सिलीनं इंग्रजी शब्द लिहीत गेलो, आणि गावाहून आलेली भाकरी तशीच राहिली.